आकाशाची पोकळी आणि सांत्वनाचे शब्द

वाचकहो, या लेखास कारण झालेली गोष्ट तशी लहान आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका गावी कुकडीच्या घाटावर दशक्रियेचे प्रवचन आमच्याकडे होते. गेलेला मुलगा एकवीस वर्षांचा. उसाची ट्रॉली उलटली आणि तो खाली सापडला. घर माळकरी, बाप तीस वर्षांचा वारकरी. अशा ठिकाणी काय बोलावे हे प्रवचन करणाऱ्याला कधीच नीट सुचत नाही, आणि सुचत नाही म्हणून तो जास्त बोलतो. आम्हीही बोललो. कोठेतरी वाचलेले आठवले आणि म्हणालो, "आता शास्त्रज्ञसुद्धा सांगतात की आपला देह ताऱ्यांच्या धुळीचा आहे. तेथून आलो, तेथेच परत जायचे. तुमचा मुलगा आज त्या तारांगणात परत गेला आहे." बायांनी डोळ्यांना पदर लावले. आम्हाला वाटले, वाक्य चांगले लागले.

पिंडाला कावळा शिवला, मंडळी पांगली आणि बाप आमच्याजवळ येऊन टेकला. म्हणाला, "महाराज, तुम्ही म्हणला ना, त्यो तिथं परत गेला म्हणून. मंग जायाला किती दिस लागत्यात?"

त्या विचारण्यात चेष्टा नव्हती, शंकाही नव्हती. पंढरीला किती मुक्काम पडतात म्हणून नव्या माणसाने विचारावे, तसे त्याने विचारले होते. आम्ही काहीतरी पुटपुटलो. "तिकडचे काळाचे माप वेगळे असते, बाबा," असे काहीसे. आणि एस.टी. चुकेल असे सांगून निघालो.

एस.टी. मात्र वेळेवर नव्हतीच. स्टँडवर बसल्या बसल्या आमच्या ध्यानात आले की बाबाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येत नव्हते इतकेच नव्हे, तर जे सांगितले तेच मुळात आम्हाला ठाऊक नव्हते. दुःखात पडलेल्या माणसाला धीर यावा म्हणून, खरे की खोटे हे आपल्यालाच माहीत नसलेली गोष्ट सांगावी काय? वर वर पाहता प्रश्न सोपा. पण आमच्यासारख्या बोलण्यावर पोट असणाऱ्याला तो अडचणीचा आहे. म्हणून तो पावसाळा आणि पुढचा हिवाळा आम्ही आकाशाची पुस्तके वाचण्यात घालविला. त्यात जे समजले ते आधी सांगतो. आमच्या वाक्याचा निवाडा मग.

मृग नक्षत्र आपल्यापैकी सर्वांना माहीत आहे. चार कोपऱ्यांना चार तारे, पोटात तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे व्याध. त्या बाणातला जो तारा सर्वांत आधी उगवतो, त्याच्यावर १९०४ साली जर्मनीत पॉट्सडॅम येथे योहानेस हार्टमान या ज्योतिर्विदाने दुर्बीण रोखली होती. डोळ्याला तो एक दिसतो, पण तेथे जवळजवळचे तारे एकमेकांभोवती पावणेसहा दिवसांत एक फेरा घेतात. फिरता फिरता तारा कधी आपल्याकडे येतो, कधी आपल्यापासून दूर जातो, आणि त्याप्रमाणे त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा इकडून तिकडे सरकतात. दिंडी जवळ येताना मृदंग चढा वाटतो आणि लांब जाताना उतरता, असे कोणी म्हणेल. दिंडी इतकी सावकाश चालते की कानाला ते कळणार नाही, पण रेल्वेच्या शिट्टीत कळते. तसेच हे. हार्टमानच्या पाहण्यात आले की सगळ्या रेघा झुलतात आणि एक रेघ हलतच नाही. ती रेघ कॅल्शियमची होती. कॅल्शियम म्हणजे चुन्यातले मुख्य द्रव्य. ती रेघ ताऱ्याची असती तर ताऱ्याबरोबर झुलली असती. मग ती कोणाची? हार्टमानने ताडले की ताऱ्याच्या आणि आपल्या मधल्या वाटेवर कोठेतरी कॅल्शियमचा विरळ मेघ पसरलेला आहे, आणि ताऱ्याचा प्रकाश त्यातून गाळून येतो आहे.

दोन ताऱ्यांमधली जागा रिकामी नाही, याचा हा पहिला भक्कम पुरावा. आणि तो पुरावा दिला कोणी, तर चुन्याने. म्हणजे आपल्या हाडांत जे आहे त्याने. हे वाचले तेव्हा कुकडीत सोडलेले ते गाठोडे आम्हाला आठवले आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

पुढच्या शंभर वर्षांत या वायूचा तपास पुष्कळ झाला. त्यात मुख्य भाग हायड्रोजनचा. थंड हायड्रोजनमधून २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर निघते. ती १९५१ साली अमेरिकेत पहिल्यांदा पकडली गेली. आमच्या वाचकांपैकी जे ओतूरला बाबाजी चैतन्यांच्या समाधीला जातात, त्यांना नारायणगावाजवळ खोडदला उभ्या असलेल्या मोठमोठ्या जाळीच्या तबकड्या ठाऊक असतील. एकेक ४५ मीटर व्यासाची, अशा ३० तबकड्या आहेत, आणि आकाशातल्या अशा लहरी ऐकण्यासाठीच त्या आहेत. आमचा बाबा नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो नेताना त्या कितीदा पाहून गेला होता. पाऊस सांगायच्या असतील असे त्याला वाटत होते.

आपला सूर्यही सगळे ग्रह बरोबर घेऊन सध्या अशाच एका विरळ मेघातून चालला आहे. मेघाचा विस्तार सुमारे ३० प्रकाशवर्षे. त्याच्या तुलनेत आपली चाल सेकंदाला सुमारे २६ किलोमीटर. त्या वायूचे तापमान सात हजार अंशांच्या घरात आहे, पण हात घातला तर ऊब लागणार नाही, कारण उबेला लागणारे द्रव्यच नाही. आपल्या अंगणातल्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे बोराएवढ्या जागेत, पंचवीसवर अठरा शून्ये इतके रेणू असतात. त्या मेघात एक अणू शोधायला तीन ते दहा घनसेंटिमीटर जागा चाळावी लागेल. हा मेघही एका मोठ्या पोकळीत आहे. ती पोकळी हजारएक प्रकाशवर्षे रुंद असून, एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीपासून तेथे एकामागून एक तारे फुटले आणि त्यांनी आसपासचा वायू ढकलून दिला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सांगितले आहे. आपण त्या पोकळीत शिरलो पन्नासएक लाख वर्षांपूर्वी. तारे फुटण्याशी आपला काही संबंध नव्हता. चालता चालता वाटेत लागली.

येथे एक गंमत आहे. सूर्यातून सतत वारा वाहतो, सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने, आणि तो बाहेरच्या मेघाला दूर रेटून आपल्याभोवती एक फुगा करतो. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली निघाले आणि २५ ऑगस्ट २०१२ रोजी, पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे त्याच्या १२१ पट अंतरावर, त्या फुग्याबाहेर पडले. बाहेर पडल्याची खात्री मात्र त्या दिवशी कोणाला देता आली नाही. त्यावरचे वायू मोजणारे यंत्र १९८० सालीच बंद पडले होते. पुढच्या वर्षी सूर्यावरच्या एका वादळाचा धक्का तेथवर पोहोचला, बाहेरचा वायू थरथरला, आणि त्या थरथरीवरून तो किती दाट आहे हे कळले. तो आतल्यापेक्षा चाळीसपटीच्या आसपास दाट निघाला! आम्ही ज्याला आपले घर म्हणतो ते बाहेरच्या पोकळीहूनही पोकळ, आणि ज्याला पोकळ म्हणत होतो ते त्या मानाने भरलेले. 'रिकामे' हा शब्द आम्ही किती सहज वापरतो! शेत रिकामे, हात रिकामे, अमका माणूस रिकामा. मुलगा गेल्यावर त्या बापाचे घर रिकामे झाले, असे आम्ही प्रवचनातच म्हटले होते. घरात म्हातारी होती, थोरला मुलगा होता, सून होती, पाच वर्षांची नात होती.

भरलेल्याला रिकामे म्हणण्याची ही चूक थोरांच्याही हातून झाली आहे. विल्यम हर्शेल हा केवढा आकाशदर्शक! १७८५ साली वृश्चिकाच्या भागात ताऱ्यांच्या दाटीमध्ये त्याला एक काळी जागा दिसली, आणि हे आकाशाला पडलेले भोक आहे असे त्याने धरले. पुढे एडवर्ड बार्नार्ड याने अशा काळ्या जागांची छायाचित्रे घेण्यात आयुष्य घालविले. तोही प्रथम भोके असेच समजत होता. हळूहळू, मन मानत नसताना, त्याने मत बदलले आणि १९१९ साली अशा १८२ काळ्या खुणांची यादी छापली. ती भोके नव्हती. ते धुळीचे काळे मेघ होते. मागचे तारे त्यांनी झाकले होते. इतकेच नव्हे, असल्या मेघांच्या पोटातच नवे तारे घडतात, हे नंतर कळले. आषाढीच्या वाटेवर एखाद्या मुक्कामी रात्री ढग फाटले तर दक्षिणेला वृश्चिकाची नांगी पाहावी. त्या बाजूच्या आकाशगंगेत काळ्या भेगा दिसतात, त्या ह्याच.

परंतु आम्हाला जास्त झोंबली ती दुसरी चूक. ती याच्या उलट आहे: जे माहीत नाही ते आपल्या मनच्या नावाने भरून टाकण्याची. विल्यम हगिन्स याने २९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्याचा असतो तसा अखंड पट्टा तेथे नव्हता. मोजक्या तेजस्वी रेघा होत्या. त्यावरून तो ताऱ्यांचा पुंज नसून खरोखरीचा वायू आहे हे ठरले. शोध मोठाच होता. पण त्यातली ठळक हिरवी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही द्रव्याशी जुळेना. मग पंडितांनी तेजोमेघात एक निराळे, पृथ्वीवर नसलेले मूलद्रव्य आहे असे मानले आणि त्याला नावही दिले: नेब्युलियम. यात अगदीच वेडेपणा होता असे नाही. सूर्याच्या प्रकाशात १८६८ साली सापडलेल्या पिवळ्या रेघेवरून हेलियमची कल्पना निघाली, आणि ते १८९५ साली पृथ्वीवर खरेच सापडले. नेब्युलियम मात्र सापडेना. साठ वर्षांहून अधिक काळ ते पुस्तकांत राहिले.

१९२७ साली कॅलिफोर्नियात आयरा बोवेन याने हिशेब केला आणि नेब्युलियम नाहीसे झाले. ती रेघ ऑक्सिजनची होती. आपण आत्ता, हे वाचताना, जो छातीत ओढून घेत आहोत तोच प्राणवायू. फक्त तेथे त्याच्या अणूतले दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले. मग पृथ्वीवर ती रेघ का दिसत नव्हती? कारण असे की तो अणू एकदा उत्तेजित झाला म्हणजे ही हिरवी लहर सोडण्यासाठी त्याला अर्धे-पाऊण मिनिट निवांत मिळावे लागते. एरवीच्या रेघांना सेकंदाचा दहा कोटीवा भाग पुरतो. आपल्याकडे दाटी इतकी की अर्धे मिनिट कोणी कोणाला स्वस्थ बसू देत नाही. शेजारचा अणू येऊन आपटतो आणि त्याचे तेज धक्क्यातच जिरते. तेजोमेघात तसे नाही. तेथे अणूला कोणी धक्का देत नाही, म्हणून त्याच्या पोटातला प्रकाश बाहेर येतो.

तेजोमेघात दुसऱ्या लोकीचे द्रव्य आहे, असे साठ वर्षे समजत होते. निघाले घरचेच, एकांतात ठेवलेले.

आता आमच्या वाक्याकडे येतो. "तेथून आलो" हे अर्धे खरे. आपल्या हाडातला चुना, रक्तातले लोह, श्वासातला ऑक्सिजन हे जुन्या ताऱ्यांच्या पोटी झाले, ते तारे विझताना वा फुटताना वायूमेघात मिसळले, आणि सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका मेघातून सूर्य व पृथ्वी झाली. अंगातल्या पाण्याचा हायड्रोजन त्याहूनही जुना, ताऱ्यांच्या आधीचा. तेथून आजही थोडे थोडे येतच आहे. दक्षिण ध्रुवाकडचा अलीकडे पडलेला ५०० किलो बर्फ शास्त्रज्ञांनी जर्मनीत म्युनिकला नेऊन वितळविला, आणि त्यात एका विशिष्ट लोहाचे मोजके अणू मिळाले. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. ते लोह २६ लाख वर्षांत निम्मे होते, म्हणून पृथ्वीच्या जन्मापासूनचे काही उरणे शक्य नाही. फुटलेल्या ताऱ्याची ती राख वाटेतल्या मेघातून आपल्यावर अजून झिरपते आहे.

पण "तेथे परत गेला" हे खोटे. तो कोठेही गेला नाही. त्याच्या अस्थींतला चुना कुकडीच्या गाळात आहे. सूर्य म्हातारा होऊन फुगेल, आपला वायू बाहेर टाकील, तेव्हा कदाचित. आणि त्याला सुमारे ५०० कोटी वर्षे आहेत.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आमचे वाक्य वाचविणारी एक फट आम्हाला सापडली होती. पृथ्वीच्या हवेच्या वरच्या थरातून हायड्रोजन सारखा निसटत असतो, दर सेकंदाला सुमारे तीन किलो. निसटलेला अणू सूर्यवाऱ्यात सापडला तर वर्षभरात, जेथे तो वारा एकदम मंदावतो तेथवर जातो, आणि पुढे रखडत रखडत बाहेरच्या मेघाला भेटतो. चितेवर देहातले पाणी वाफ होऊन गेलेच ना? मग "किती दिवस?" याला उत्तर तयार झाले! त्या रात्री आम्हाला फार आनंद झाला. कागदावर आकडे मांडून ठेवले. सकाळी वाचले आणि लाज वाटली. ती वाफ पाऊस होऊन कोणाच्या तरी शेतात पडली असणार. त्यातला कोणता अणू कोणत्या युगात वर जाईल हे कोण सांगणार? आणि गेलाच, तरी तो अणू म्हणजे बाबाचा मुलगा नव्हे. बाबाला अणू नको होता.

आमच्याच पंक्तीतल्या एका वडीलधाऱ्या कीर्तनकारांना हे सांगितले तेव्हा ते हसले. "अहो, लोकांना आधार हवा असतो, हिशेब नको असतो. त्या घरी त्या दिवशी चार माणसे रडून मोकळी झाली, हे काय थोडे?" त्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. आम्हीही रडणाऱ्यासमोर वर्णपटाची पोथी सोडा असे म्हणत नाही. परंतु त्यांना आम्ही जे विचारले ते येथेही विचारतो. आपल्या श्रद्धेचे बोलणे आपल्या जबाबदारीवर असते. ऐकणारा जाणतो की हा याचा विश्वास आहे. पटला तर घ्यावा. आम्ही तसे केले नाही. आम्ही "शास्त्रज्ञसुद्धा सांगतात" असे म्हटले. ज्यांनी थंडीत रात्रीच्या रात्री काढून एकेक रेघ मोजली, त्यांची पत आम्ही उसनी घेतली आणि त्यांचा शिक्का आमच्या खोट्या नाण्यावर मारला. बापाने नाणे खरे समजून घेतले, म्हणूनच हिशेब विचारला. ज्याला आपले बोलणे थाप वाटते तो किती दिवस लागतात असे विचारीत नाही. (आणि जी मंडळी दर नव्या शोधामागून "हे आमच्या ग्रंथांत आधीच आहे" म्हणून उठतात, त्यांनी एकदा तरी शोधाच्या आधी उठावे, अशी आमची नम्र सूचना आहे.)

पौषात आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. अंधाऱ्या पंधरवड्यातली संध्याकाळ होती. बाबा अंगणात घोंगडीवर बसला होता. आम्ही सरळ सांगितले की बाबा, त्या दिवशी आम्ही चुकीचे बोललो; तो वर गेलेला नाही. हाडाचा चुना कोठून आला तेही सांगितले, मृगातल्या बाणाची ती न हलणारी रेघ सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. आम्हाला वाटले, हा आता रागावेल. रागावला असता तर ठीकच झाले असते.

"मंग हाडं हिथंच हायेत म्हना की," तो म्हणाला. "कुकडीत."

"होय. हळूहळू विरघळतील."

"कुकडीचं पानी घोडनदीला जातं. घोड भीमेला मिळती." बोटे मोडीत तो मोजू लागला. "भीमा पंढरीला."

हे आम्हाला कसे सुचले नव्हते कोण जाणे. आम्ही होय म्हणणार होतो, आणि तोंडाशी आलेला होय आम्ही क्षणभर थांबविला. "सगळे पाणी जात नाही, बाबा. मध्ये येडगावचे धरण आहे. तेथून कालव्याने पाणी श्रीगोंद्या-कर्जताकडे फिरते."

"कालव्याचं पानी उसाला जातं," तो म्हणाला, आणि मग दुसरीकडे पाहू लागला. त्यावर आमच्याजवळ बोलायला काही नव्हते, आणि आम्ही काही बोललो नाही.

थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "पावसाळ्यात दारं उघडत्यात. तवा थोडं तरी खाली जात आसंल?"

"जात असेल. पुढे उजनीला अडेल, पण तेथूनही खाली सोडतात. थोडे जातेच."

तोवर मृग पूर्वेला चांगला वर आला होता. नात आजाला येऊन बिलगली. बाणाच्या खाली बारीक ताऱ्यांची एक ओळ असते, तिच्या मधोमध नीट पाहिले तर एक पुसट डाग दिसतो. तो मृगातला मोठा तेजोमेघ. १६५६ साली हायगेन्सने दुर्बिणीतून पाहून त्याचे चित्र काढले. तेराशे प्रकाशवर्षांहून थोडा जास्त दूर आहे, आणि तेथे नवे तारे अजून होत आहेत. आम्ही बोट करून दाखविले. बाबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला काही दिसेना. पोरीला दिसले.

"आजा, धूर हाय तिथं," ती म्हणाली.

"कुठल्या चांदणीपाशी?" त्याने विचारले. दव पडू लागले होते. त्याने तिला घोंगडीत ओढून घेतले आणि बाण कोणता, तो कुठून मोजायचा, हे ती त्याला सांगू लागली.